माता-आरोग्य आणि स्त्री-न्याय : स्थानिक मंडळीने पाठपुरावा कसा करावा

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला असता पंडिता रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिकांबरोबरच स्त्री डॉक्टरांचीही मागणी केली. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही आणि स्त्री डॉक्टर मिळत नाही, या कोंडीत बायका उपचाराविना मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो पुढच्या वर्षी इंग्लंडात झाला. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे (निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या आश्रमामुळे) मराठी ख्रिस्ती समाज रमाबाईंना आपल्या मानतो, परंतु त्यांच्या कामातील आसरा देण्याचा भाग आपण जितका उचलला तितका अधिकाऱ्यांपुढे उभे राहून नेमकी मागणी करण्याचा भाग उचलला नाही. हे मार्गदर्शन त्या दुसऱ्या भागासाठी आहे. ते प्रामुख्याने अहिल्यानगर, बीड, जालना या पट्ट्यातील लहान ग्रामीण मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समाज, डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. शहरातील मंडळ्यांना आणि वसईसारख्या भागातील धर्मग्रामांना (कॅथलिक पॅरिशना) त्यातील बराच भाग थोड्या फेरफाराने वापरता येईल.

दोन विषय नव्हेत

महाराष्ट्राचा माता-मृत्यू दर २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तर देशाचा ९७. हा आकडा समाधानाचा वाटला तरी त्याच राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले निघाले. बीड आणि परभणी जिल्ह्यांत तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. रक्तक्षयाला गोळी आहे आणि ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. तरीही रक्त वाढत नाही, कारण सून सर्वांच्या मागून जेवते, गोळीने मळमळते म्हणून ती पदराआड टाकून देते, किंवा गोळ्या खाल्ल्या तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, असे घरातील वडीलधारी बाई तिला सांगते. दवाखान्यात जायचे की नाही हे ती स्वतः ठरवू शकत नाही, आणि रिक्षाचे भाडे नवऱ्याच्या खिशात असते. माता-आरोग्याचा प्रश्न हा असा घरातील अधिकाराचा प्रश्न आहे, आणि घरातील अधिकाराविषयी दर रविवारी बोलण्याची जागा पाळकाकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूकडे, असते.

आधी आपले घर

पहिली बैठक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची असावी आणि तिच्यापुढे साधे प्रश्न असावेत. कमिटीत स्त्रिया किती आहेत, खजिन्याच्या वहीवर कोणाची सही असते, महिला मंडळाने गोळा केलेला पैसा कशावर खर्च करायचा हे कोण ठरवते, आणि मंडळीच्या शाळेत किंवा वसतिगृहात लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक लोक काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती बंधनकारक आहे. संस्था मिशनची आहे म्हणून सूट मिळत नाही. कॅथलिक धर्मग्रामांच्या हाती तर भारतीय बिशप परिषदेचे २०१० सालचे स्त्री-पुरुष समतेचे धोरण आहे. ते पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मराठीतून वाचून दाखवावे आणि त्यातील कोणते कलम आपल्याकडे पाळले जात नाही याची नोंद इतिवृत्तात करावी. सरकारी दवाखान्याकडे उत्तर मागणाऱ्या मंडळीला हेच प्रश्न उलट विचारले जाणार आहेत, आणि त्यांचे उत्तर आधीच तयार असले पाहिजे.

यानंतर चार-पाच जणींचा एक गट नेमावा. त्यात एक सासू आणि एक सून असावी, आणि शक्य तर एक निवृत्त सिस्टर (परिचारिका) असावी. मिशनच्या दवाखान्यांच्या परंपरेमुळे आपल्या कित्येक कुटुंबांत परिचारिका आहेत. त्यांचे ज्ञान मंडळीच्या कामात फारच कमी वापरले जाते. पाळकाची पत्नी गटात असावी, पण केवळ त्या नात्याने प्रमुख असू नये. पाळकाची बदली होते तेव्हा तीही जाते, आणि काम मागे उरत नाही.

माहिती गोळा करणे

गटाने पहिले दोन-तीन महिने कोणतीही मागणी न करता फक्त पाहावे. उपकेंद्रात नर्सबाई कोणत्या वारी असतात, रक्तदाबाचे यंत्र चालते का, हिमोग्लोबिन मोजण्याची सोय आहे का, लोहाच्या गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाळंतपण होते की पुढे पाठवतात, सिझेरियनची आणि रक्ताची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, १०८ ला फोन केल्यावर गाडी साधारण किती वेळात पोहोचते, हे सर्व तारीखवार वहीत लिहावे. आशा ताईंशी मैत्री करावी; गावातील गरोदर बायांची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते आणि त्यांच्या स्वतःच्या अडचणीही कोणी विचारत नाही.

काय तपासायचे हेही गटाला पाठ असावे. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, आणि किमान १८० दिवस लोहाच्या गोळ्या, ज्या चहाबरोबर घेतल्यास अंगी लागत नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे तातडी. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा आणि हात सुजणे, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, कळांआधीच पाणी जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर थांबायचे नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोनेक तासांत जीव घेऊ शकतो, आणि म्हणून गाडी आधी ठरलेली असावी लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. प्रार्थनेने बरे होईल म्हणून दवाखाना लांबवणे, हे आपल्या काही मंडळ्यांत आजही घडते. पाळकाने वेदीवरून सांगावे की प्रार्थना गाडीत बसूनही करता येते, आणि बोलावणे आले तर स्वतः त्या गाडीत बसावे. इतक्या एका गोष्टीनेही मंडळीची सवय बदलते.

हक्क कोणते, कागद कोणते

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यानुसार सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात नेणारी गाडी आणि परत घरी सोडणारी गाडी, सर्व मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली गेली तर त्या चिठ्ठीची छायाप्रत ठेवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. ही तारीख उपासनेच्या सूचनांत दर महिन्याला वाचली जावी. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे बाळ मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात.

दलित ख्रिस्ती कुटुंबांची अडचण मात्र वेगळी आहे आणि ती मंडळीनेच मांडली पाहिजे, कारण दुसरे कोणी मांडणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती व्यक्तीची गणना अनुसूचित जातीत होत नाही. परिणामी दवाखान्यातील बाळंतपणासाठी रोख मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेसारख्या ठिकाणी, जेथे महाराष्ट्रात लाभ दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांपुरता आहे, तेथे त्याच वस्तीत, त्याच गरिबीत राहणारी ख्रिस्ती स्त्री जातीच्या निकषावर बसत नाही. तिचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा ई-श्रम कार्ड आहे का, हे पाचव्या महिन्यातच पाहावे. मातृवंदना योजनेसाठी यांतील एखादा कागदही पुरतो. बँकेचे खाते तिच्या स्वतःच्या नावाचे असावे, नवऱ्याच्या नव्हे.

मागणी कशी मांडावी

बऱ्याच मंडळ्या येथे चुकतात. मोर्चा किंवा मेळावा घेतला जातो, दहा मागण्यांचे निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि विषय संपतो. त्याऐवजी वहीतील एकच त्रुटी निवडावी, जी दूर करणे ज्याच्या हातात आहे तो अधिकारी शोधावा, आणि त्याच्याच नावाने अर्ज करावा. अर्जाचा मजकूर असा असावा : ‘मौजे अमुक येथील उपकेंद्रात अमुक तारखेपासून रक्तदाबाचे यंत्र बंद असल्याने गरोदर मातांची तपासणी अपुरी होत आहे. यंत्र केव्हापर्यंत दुरुस्त होईल अथवा बदलून मिळेल हे लेखी कळवावे, आणि तोपर्यंत तपासणीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून यंत्र पाठवण्याची व्यवस्था करावी.’ विशेषणे नकोत, आरोप नको, नर्सबाईंचे नाव तर मुळीच नको. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये. ‘साहेब आले की देतो’ असे सांगून बाबू प्रत ठेवून घेतो, आणि पोच नसलेल्या अर्जाचा माग नंतर काढता येत नाही.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, महिन्याने तालुका आरोग्य अधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, हा क्रम सोडू नये. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून, आपल्या अर्जावर काय कारवाई झाली, एवढेच विचारावे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दरम्यान गावात दोन दारे उघडी असतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे आणि पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. गटाने तेथे हजर राहून ठराव लिहून घ्यावा. दुसरे दार म्हणजे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.

तालुक्यात एखाद्या मातेचा मृत्यू झाला असेल तर त्याचे अन्वेषण होणे आवश्यक असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात नातेवाइकांना बोलावण्याचीही तरतूद आहे. दुःखात बुडालेल्या कुटुंबाला हे कळत नाही. मंडळीने त्यांच्यासोबत जावे, घटनाक्रम तासवार लिहून द्यावा (घरातून केव्हा निघाले, गाडी केव्हा आली, कोणत्या दवाखान्याने केव्हा पुढे पाठवले), आणि दोषी शोधण्याची घाई करू नये. अशा तक्त्यातून व्यवस्थेतील भोक आपोआप दिसते.

हे काम फक्त ख्रिस्ती स्त्रियांसाठी करू नये. अर्जावर मंडळीच्या शिक्क्याबरोबर गावातील इतर समाजांच्या बायकांच्या सह्या असाव्यात, आणि आरोग्याच्या कोणत्याही भेटीत पत्रके वाटू नयेत किंवा धर्माचा विषय काढू नये. संशयाचे वातावरण सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे अडलेल्या बाईला मदत करताना तिच्याकडून काहीही अपेक्षा ठेवणे योग्य नाही. जामखेडचे उदाहरण येथे अभ्यासण्यासारखे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन तेच वापरत. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे सर्व जातींची होती. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्या हातून बाळंतपण करून घेण्यापर्यंत गाव आले, ही माझ्या मते त्या प्रकल्पाची सर्वांत मोठी मिळकत, १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराहूनही मोठी.

ऊसतोड आणि माहेर

आपल्या भागातील बाई एका जागी राहत नाही, आणि सरकारी नोंदी मात्र एका जागेच्या असतात. पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात ती गाव बदलते आणि सासरच्या आशा ताईंच्या यादीतून निसटते. ऊसतोडीला गेलेली बाई तर दिवाळीच्या सुमारास जाऊन उन्हाळ्यात परतते आणि गरोदरपणाचा बराच काळ फडावर काढते. खाडा पडला की मजुरी कापली जाते, म्हणून पाळीचा त्रास नको या कारणाने गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण बीड जिल्ह्यात किती वाढले आहे, हे २०१९ साली उघड झाले; शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रिया आढळल्या.

येथे मंडळ्यांकडे एक साधन आहे जे आरोग्य खात्याकडे नाही. पाळक स्थलांतरित सभासदांसाठी दुसऱ्या मंडळीला पत्र देतात. तेच पत्र गरोदर बाईसाठी द्यावे : नाव, कितवा महिना, रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन, माता-बाल संरक्षण कार्डाची छायाप्रत, मुकादमाचा फोन. माहेरच्या गावातील किंवा कारखान्याजवळच्या मंडळीने ते मिळताच तिला स्थानिक उपकेंद्रात नेऊन नाव नोंदवावे. कोल्हापूर, सांगली, पुणे या ऊसपट्ट्यांत मंडळ्या आहेत. परिषदेच्या किंवा डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) बैठकीत त्यांची फोनयादी एकदा केली की दरवर्षी वापरता येईल. हे पत्र त्या बाईच्या संमतीनेच जावे, आणि त्यातील मजकूर उपासनेत जाहीर होऊ नये.

डोहाळेजेवणाचाही असाच उपयोग करता येतो. महिला मंडळ ओटी भरायला आणि प्रार्थनेला जातेच. त्याच बैठकीत गाडी कोणाची, रक्त कोण देणार, सोबत कोण जाणार, थोरले मूल कोणाकडे राहणार, हे नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर विचारून लिहून ठेवावे. रक्तदात्यांची यादी तरुण संघाने करावी. हे काम मुलगे आनंदाने करतात, आणि बाळंतपण ही बायकांचीच बाब आहे हा समज त्यातून आपोआप ढिला होतो.

लग्न, मारहाण आणि वाटा

ख्रिस्ती लग्नाआधी मंडळीत घोषणा होतात. पहिल्या घोषणेआधी मुलीचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला पाहण्याचा नियम पंच कमिटीने लेखी करावा आणि तो कोणाच्याही शब्दाखातर मोडू नये. वधू अठराची आणि वर एकवीसचा नसेल तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पाळकावर नातेवाइकांचा दबाव येतो तेव्हा हा लेखी नियम त्याला आधार देतो. मुलीचे लग्न ठरवण्याची चाहूल लागली तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवता येते.

मारहाणीच्या प्रकरणात पाळकाने दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नये. नवऱ्यासमोर ती खरे बोलणार नाही, आणि घरी गेल्यावर बोललेल्याची किंमत तीच मोजते. तिची भेट एकटीची, एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीत व्हावी. तिला १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आणि एका रात्रीची सुरक्षित जागा सांगता आली पाहिजे. गरोदरपणात मारहाण थांबते असे समजू नये. घटस्फोटाच्या कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे ख्रिस्ती पत्नीला पतीइतकीच कारणे उपलब्ध आहेत, हे बऱ्याच पाळकांनाही माहीत नसते. तसेच १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसल्यास मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तरी मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि मंडळीतील मान्यवर साक्षीदार होतात. निदान साक्षीला जाऊ नये, एवढा निर्णय पंच कमिटी आजही घेऊ शकते.

वेदीवरून

उपदेशासाठी शास्त्रपाठ शोधत बसावे लागत नाही. राहेल एफ्राथच्या वाटेवर बाळंत होताना मरण पावली (उत्पत्ती ३५). वाटेत झालेल्या त्या मृत्यूवर किती उपदेश ऐकले, याचा वाचकाने विचार करावा. शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी फारोची आज्ञा मोडली (निर्गम १), सलाफहादच्या मुलींनी सर्व मंडळीसमोर वाटा मागितला आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले (गणना २७), बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीने वैद्यांवर सर्व पैसा घालवला होता (मार्क ५). यांतील एक पाठ तीन महिन्यांतून एकदा घ्यावा, आणि त्या रविवारी बोलायला गटातील स्त्रीला उभे करावे. संततिनियमन आणि गर्भपात यांवर निरनिराळ्या पंथांची मते वेगळी आहेत. त्या वादात सगळे काम अडकू देऊ नये, आणि आपल्या मतासाठी कोणत्याही स्त्रीपासून वैद्यकीय माहिती लपवूही नये.

वर्षअखेरीस वार्षिक सभेत गटाचा अहवाल खजिनदाराच्या अहवालानंतर लगेच ठेवावा : किती अर्ज दिले, त्यांचे आवक क्रमांक, काय झाले, काय राहिले. नावे नकोत, आकडे पुरेत. वही आणि अर्जांची फाईल पाळकनिवासात न ठेवता गटातील एकीच्या घरी ठेवावी, आणि नवा पाळक आल्यावर पहिल्या महिन्यात तिने ती त्याच्यापुढे उघडून प्रलंबित अर्ज दाखवावेत.